पंचविसावी खाट

माझी वहिनी दाराला कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघते. जिना उतरून खाली गेली तरी एकदा वर येते आणि चौथ्यांदा ओढते. घरात यावरून तिची भरपूर थट्टा होते, पण तिच्या कामात याच खोडीला मान आहे. ती सर्व्हर उभे करून देते. एखाद्या संस्थेला वेबवर काही चालवायचं असलं की ही जाते, त्यांच्या यंत्रावर लिनक्स, म्हणजे यंत्र चालवणारी प्रणाली, बसवते आणि त्यावर फ्रेमवर्क, म्हणजे पुढची सगळी पानं ज्याच्या आधाराने उभी राहतात तो सांगाडा. मग त्यांचं काम त्यावर चढवते, आणि सगळं सुरळीत चाललंय अशी खात्री पटली की किल्ल्या त्यांच्या हवाली करून निघते. माझे वडील याला दुसऱ्याच्या घरी चूल मांडून देणं म्हणतात.

हे तिने जसजसं घडत गेलं तसतसं आम्हाला जेवताना सांगितलं. शेवटचा भाग सांगायला मात्र तिला बरेच दिवस लागले.

काम एका जुन्या इस्पितळाचं होतं. तिथे चौकशीचे फोन करकरून नातेवाइकांनी सिस्टर लोकांना भंडावून सोडलं होतं. म्हणून असं ठरलं, की रोग्याचा वॉर्ड आणि बेडचा नंबर टाकला की घरबसल्या त्याची खबर कळावी: रात्री झोप लागली का, ताप किती, काही खाल्लं का, डॉक्टर कधी बघून गेले. रोग्यांची माहिती बाहेर कुठे ठेवायची नव्हती, म्हणून सर्व्हर इस्पितळातच बसवायचा होता. वहिनीला त्यासाठी तळमजल्यावर, मोठ्या दाराशेजारची एक अरुंद खोली मिळाली. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दगडी ओटा होता आणि ओट्याच्या वर भिंतीला एक प्लायवूडची फळी स्क्रूने बसवलेली होती. वहिनीने यंत्र ओट्यावर ठेवलं, फळीकडे पाठ येणार नाही अशी खुर्ची घेतली आणि कामाला लागली. पाठ का येऊ द्यायची नाही, हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

पहिला दिवस लिनक्स बसवण्यात गेला. दुसऱ्या दिवशी तिने फ्रेमवर्कसाठी वेगळा वापरकर्ता केला, लागणारी सगळी पॅकेजेस उतरवून घेतली आणि ती उतरताच नेटची केबल काढून ठेवली. अर्धवट बांधलेल्या घराचं दार रस्त्यावर उघडं ठेवायचं नाही, हा तिचा नियम. मग तिने फ्रेमवर्क पहिल्यांदा चालवून बघितलं. पडद्यावर त्याचं ते स्वागताचं पान आलं. बसवणं यशस्वी झालं, असं सांगणारं. तिने घड्याळात पाहिलं, चारला पाच मिनिटं कमी होती. बाहेर भेटीच्या वेळेसाठी माणसं जमायला लागली होती.

आता या फ्रेमवर्कची एक सवय असते. ते चालू असताना जो कोणी त्याच्याकडे एखादं पान मागतो, त्याची एक ओळ खाली उमटते. कुणी मागितलं, किती वाजता, काय मागितलं, काय मिळालं. चार वाजून दोन मिनिटांनी अशी एक ओळ उमटली. वहिनीचे हात तेव्हा मांडीवर होते.

मागितलेला पत्ता होता: वॉर्ड तीन, तिरपी रेघ, खाट पंचवीस.

पुढे उत्तराचा आकडा होता, चारशे चार. वेबवर याचा अर्थ, असं पान इथे नाही. ते खरंच होतं, कारण वहिनीने अजून एकही पान केलं नव्हतं. वॉर्डांची, बेडची यादीसुद्धा तिच्या हातात यायची होती. ओळीच्या सुरुवातीला मागणाऱ्याचा आकडा होता, एकशेसत्तावीस शून्य शून्य एक. हा आकडा तिला स्वतःच्या फोन नंबरापेक्षा जवळचा. यंत्र स्वतःशीच बोलतं तेव्हा तो दिसतो. मागणारा बाहेरचा नाही, इथलाच आहे, असा त्याचा अर्थ.

केबल तर ओट्याच्या पायाशी गुंडाळून पडली होती.

थोड्या वेळाने दुसरी ओळ आली. मग तिसरी. पत्ता तोच, उत्तर तेच. वहिनी म्हणते, घाबरायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. यंत्र इस्पितळाचं जुनंच होतं, कुणीतरी पूर्वी त्यावर काही चालवलं असेल, त्याचं शेपूट राहिलं असेल. तिने ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी काढली. रिकामी. चालू असलेले प्रोग्राम एकेक करून तपासले. सगळे तिनेच बसवलेले. ही मागणी कुठल्या प्रोग्रामकडून येतेय ते विचारल्यावर यंत्राने त्या जागी काहीच लिहिलं नाही, कोरं ठेवलं. बरोबर सहा वाजता बाहेर भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली, आणि ओळी थांबल्या.

तिसऱ्या दिवशी तिने नवीच डिस्क मागवली. जुनी काढून बाजूला ठेवली आणि सगळं मुळापासून करायला घेतलं. त्यात दिवस गेला. चार वाजले तेव्हा यंत्रावर नुसतं लिनक्स होतं, फ्रेमवर्कचा पत्ता नव्हता. शंका नको म्हणून तिने आत काय ये-जा होतेय ते ऐकणारा एक छोटा प्रोग्राम लावून ठेवला. चार वाजून दोन मिनिटांनी टकटक सुरू झाली. यंत्राच्या ज्या दारावर, म्हणजे पोर्टवर, काल फ्रेमवर्क बसलं होतं त्याच दारावर. आज आत उघडायला कुणी नव्हतं, तरी कुणीतरी वाजवत होतं, थांबत होतं, परत वाजवत होतं.

त्या संध्याकाळी तिने दोन्ही दिवसांच्या वेळा कागदावर उतरवून आणल्या आणि जेवणाच्या टेबलावर पसरल्या. तेव्हा मी पहिल्यांदा तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. सुरुवातीला पाच-सात मिनिटांनी एक मागणी होती. पाचनंतर दोन-दोन मिनिटांनी. सहाला दहा कमी असताना एकेका मिनिटात सहा-सात.

"प्रोग्राम असं करत नाही," ती म्हणाली. "प्रोग्रामला घाई होत नाही."

माझा दादा म्हणाला, कुणीतरी चेष्टा करत असेल, इस्पितळात रिकामटेकडे काय कमी असतात. वहिनीने त्याला केबल काढलेली असल्याचं तिसऱ्यांदा सांगितलं. बाबा मात्र कागद जवळ ओढून बराच वेळ बघत होते. बाबांनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. त्यांना यंत्रातलं काही कळत नाही, पण कॉल करणारी माणसं कळतात.

"तू त्याला काय उत्तर देतेस?" त्यांनी विचारलं.

वहिनीने चारशे चारचा अर्थ सांगितला.

"हे उत्तर नव्हे गं. आमच्याकडे नंबर लागला नाही की नवीन पोरी लाइन तोडून मोकळ्या व्हायच्या. मग तोच माणूस परत, परत, परत. त्याला वाटतं आपलंच काही चुकतंय. त्याला विचारायचं असतं, बाबा रे, तुला कोण हवंय. तेवढं विचारलं की निम्मे लोक शांत होतात."

"पण विचारू कुणाला?"

बाबांनी खांदे उडवले आणि ताट पुढे ओढलं.

पुढच्या दोन दिवसांत काम पुरं होत आलं. फ्रेमवर्क परत बसलं, त्याच्यापुढे बाहेरच्या मागण्या झेलणारा राखणदार सर्व्हर बसला, इस्पितळाने वॉर्डांची यादी दिली ती आत गेली. प्रत्येक वॉर्डात चोवीस बेड. वहिनीने तसा नियमच घातला, एक ते चोवीस याबाहेरचा आकडा यंत्राने घ्यायचाच नाही. चार वाजता ओळी येतच होत्या. ती त्यांच्याकडे न बघता काम करायला शिकली होती, असं तिचं म्हणणं. पण याच दिवसांत ती घरी आल्यावर स्वयंपाकघरात माझ्या मागे येऊन उभी राहायची, आणि काय हवंय विचारलं तर काही नाही म्हणायची.

तिसऱ्या वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरांनी पानात काही बदल सुचवले होते. अक्षरं मोठी हवीत, म्हाताऱ्या माणसांना दिसायला हवीत. आणि पानाखाली एक चौकट हवी, तिथे घरच्यांना निरोप लिहिता यावा. निरोप सिस्टरांच्या खोलीत छापून निघेल आणि त्या तो रोग्याला वाचून दाखवतील. या सिस्टर निवृत्तीला आलेल्या, पाठीत किंचित वाकलेल्या, पण वॉर्डात त्यांच्या चपलांचा आवाज आला की पंख्यांचासुद्धा आवाज कमी व्हायचा म्हणे. केलेले बदल दाखवायला वहिनी वर गेली. सगळं दाखवून झाल्यावर तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, की या वॉर्डात चोवीसच बेड ना.

चोवीसच, सिस्टर म्हणाल्या. मोजून घ्या.

मग यंत्रात कुणीतरी खाट पंचवीस मागतंय, असं वहिनी म्हणाली.

सिस्टर तक्त्यावर सही करत होत्या. सही अर्धी राहिली.

"खाट म्हणालात का बेड?"

"खाट. मागणाऱ्याने तसं लिहिलंय."

"आता खाट कुणी म्हणत नाही," सिस्टर म्हणाल्या. "तेव्हा म्हणायचे. चौकशीच्या खिडकीवर पाटी होती, खाट क्रमांक सांगावा." मग त्यांनी विचारलं, तुम्हाला खोली कुठली दिली आहे. वहिनीने सांगितलं. सिस्टरांनी पेनाचं टोपण लावलं आणि किती वाजता ते येतं, एवढंच विचारलं.

त्या दिवशी चारला दोन मिनिटं असताना त्या खाली आल्या. खोलीत शिरताच त्यांनी आधी त्या प्लायवूडच्या फळीकडे पाहिलं. वहिनीने दिलेल्या खुर्चीवर न बसता त्या उभ्याच राहिल्या. ओळ उमटली. वहिनीने ती वाचून दाखवली, चारशे चारचा अर्थ सांगितला. दुसरी ओळ आली तेव्हा सिस्टर खुर्चीवर बसल्या.

त्यांनी जे सांगितलं ते वहिनीने आम्हाला त्यांच्याच शब्दांत सांगायचा प्रयत्न केला. तेहतीस वर्षांपूर्वी गावात तापाची साथ आली होती. सिस्टर तेव्हा विशीच्या, शिकाऊ. तिसरा वॉर्ड भरला तेव्हा एक जास्तीची खाट व्हरांड्यात, खिडकीशी टाकली. तिच्यावर एक बाई आणून झोपवली. तिला तिची धाकटी बहीण घेऊन आली होती, दोघींना दोघीच. संसर्गाच्या भीतीने नातेवाइकांना वर सोडत नव्हते. त्यांनी चार ते सहा खाली, आता फळी मारलेल्या या चौकशीच्या खिडकीसमोर रांग लावायची, खाटेचा क्रमांक सांगायचा, आणि आतल्या कारकुनाने वॉर्डातून आलेला कागद बघून खबर सांगायची. हा कागद रोज तयार करून खाली आणायचं काम शिकाऊ सिस्टरचं.

"छापील कागद होता," सिस्टर म्हणाल्या. "त्यावर ओळी चोवीस. पहिल्या दिवशी मी पंचविसावी खाली समासात लिहिली. तर तेव्हाच्या मोठ्या सिस्टर रागावल्या, कागद खराब करू नकोस म्हणाल्या. मग मी नाही लिहिली."

"मग बहीण?"

"रोज यायची. एकदा मी कागद द्यायला आले तेव्हा ती खिडकीशी होती. म्हणाली, खाट पंचवीस. कारकून म्हणाला, अशी खाट नाही. ती म्हणाली, अहो, मी स्वतः सोडून गेलेय तिला. तो म्हणाला, कागदावर नाही. पुढच्याला बोलावलं त्याने. ती बाजूला झाली आणि परत रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली."

वहिनीने विचारलं, तुम्ही काही बोललात का.

"मला वर जायची घाई होती," सिस्टर म्हणाल्या.

तेवढ्यात आणखी एक ओळ आली. दोघींनी ती पाहिली. सिस्टर सांगत राहिल्या. आठ दिवस ती धाकटी येत होती. नवव्या दिवशी पहाटे वरची गेली. तिला न्यायला कुणी आलं नाही, कारण धाकटीलाही ताप चढला होता आणि तिला कुणीतरी दुसऱ्याच इस्पितळात नेलं होतं. तीही तिथे वाचली नाही, असं पुढे कानावर आलं. साथ ओसरली, खाट उचलली गेली, काही वर्षांनी खिडकीही बंद केली. त्या कागदाची गोष्ट सिस्टरांनी कुणाला सांगितली नव्हती. विचारलंही नव्हतं कुणी.

वहिनी म्हणते, त्या क्षणी तिला भीती वाटली नाही. लाज वाटली. एक ते चोवीसचा नियम तिनेच परवा आपल्या हाताने घातला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरांनी माळ्यावरून त्या वर्षाचं वॉर्डाचं रोजचं नोंदपुस्तक काढून आणलं. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण अक्षर शाबूत, आणि बरंचसं त्यांचंच. वहिनीने नियम काढून टाकला, तिसऱ्या वॉर्डात पंचविसावी जागा घातली आणि बेड या शब्दाबरोबर खाट हा शब्दही पत्त्यात चालेल असं केलं. मग मजकूर लिहायला बसली. तिने पहिलं वाक्य लिहिलं, रोगी अमुक तारखेला मृत्यू पावली. सिस्टरांनी मान हलवली.

"असं एकदम दारात नाही सांगायचं. आधी ती इथे आहे, हे लिहा."

म्हणून त्यांनी सांगितलं तसं वहिनीने लिहिलं. खाट पंचवीस इथेच आहे. वॉर्ड तीन, व्हरांड्यात, खिडकीजवळ, उजेड चांगला आहे. मग एकेक दिवस. पहिल्या दिवशी अंग फार तापलं, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी थोडं दूध घेतलं. तिसऱ्या दिवशी केस विंचरून मागितले. चौथ्या दिवशी बहीण आली होती का, असं विचारलं. पाचव्या दिवशी विचारलं. सहाव्या दिवशी विचारलं. सातव्या दिवशी भ्रमात होती. आठव्या दिवशी शुद्ध होती, खिडकीतून खाली बघायचं म्हणाली, उठवून बसवलं. नवव्या दिवशी पहाटे पाच वाजता शांतपणे गेली. जवळ सिस्टर होती.

शेवटच्या वाक्यापाशी वहिनी थांबली. हे पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

"होते मी," सिस्टर म्हणाल्या. "हात धरून होते. तेवढं तरी लिहा."

दुपारी चारला दोघी खोलीत होत्या. वहिनीने तिच्या सवयीप्रमाणे पान तीनदा उघडून बघितलं होतं. चार वाजून दोन मिनिटं झाली. ओळ उमटली नाही. चार वाजून पाच. सिस्टर म्हणाल्या, आली नाही वाटतं. पण वहिनीच्या लक्षात आलं, की ओळ उमटते ती पान देऊन झाल्यावर. तिने आत्ता उघड्या असलेल्या जोडण्यांची यादी काढली. एकच होती. चार वाजून दोन मिनिटांनी उघडलेली, आणि अजून चालू.

ते पान म्हणजे चार बोटं मजकूर. इतकुसं पान द्यायला यंत्राला डोळ्याचं पातं लवायचाही वेळ लागत नाही. शिवाय पलीकडचा साठ सेकंद गप्प राहिला तर जोडणी आपोआप तुटावी, असा नियम वहिनीनेच घातलेला. तुटत नव्हती. म्हणजे पलीकडून थोडं थोडं घेतलं जात होतं. वहिनीने आकडे पाहिले. एकेक अक्षर जात होतं. मध्ये थांबायचं, परत एक अक्षर. वाचायची फारशी सवय नसलेलं माणूस ओळीवर बोट ठेवून वाचतं, तसं.

दोघी आकड्यांवर नजर ठेवून बसल्या. बाहेर नातेवाईक येत होते, जात होते, कुणाचं तरी तान्हं मूल रडत होतं. साडेपाचच्या सुमाराला अक्षरं बराच वेळ थांबली. वहिनीला वाटलं आता तुटणार. मग परत सुरू झाली. कुठल्या वाक्यापाशी थांबली होती ते तिला आकड्यांवरून काढता आलं असतं. तिने काढलं नाही.

सहाला आठ मिनिटं असताना पान पूर्ण गेलं. ओळ उमटली, तिच्या शेवटी दोनशेचा आकडा होता. दोनशे म्हणजे मागितलेलं मिळालं. सिस्टरांनी डोळ्यांना पदर लावला. दोघींना वाटलं, संपलं.

आणि लगेच खाली दुसरी ओळ आली. ही मागणी नव्हती. पानाखालच्या चौकटीत कुणीतरी निरोप लिहून पाठवला होता. वहिनीने तो उघडला. चारच शब्द होते.

मी रोज येत होते.

वहिनी त्या शब्दांकडे बघत बसली. सिस्टर मात्र उठल्या होत्या. त्यांचा आवाज आता वॉर्डातला झाला होता.

"छाप. निरोप आलाय ना, मग तो पोचवायला हवा."

तुम्ही म्हणणाऱ्या सिस्टर तू म्हणाल्या, हे वहिनीच्या घरी आल्यावर लक्षात आलं. चाचणीसाठी खोलीतच ठेवलेल्या प्रिंटरवर छापलेला कागद घेऊन त्या जिना चढल्या आणि वहिनी त्यांच्या मागे. घंटा होऊन गेली होती, नातेवाईक उतरत होते. तिसरा वॉर्ड ओलांडून टोकाच्या दाराने त्या व्हरांड्यात गेल्या. तिथे एक मोडकी चाकाची खुर्ची, सलाइनच्या काही काठ्या आणि धुण्याच्या चादरींचं गाठोडं होतं. खिडकीशी जागा मोकळी होती. सिस्टर त्या मोकळ्या जागेपाशी जरा वाकून उभ्या राहिल्या, रोग्याच्या कानाशी बोलायला वाकतात तशा, आणि त्यांनी कागदावरचा निरोप वाचला. मग म्हणाल्या, "धाकटी येत होती गं. रोज येत होती. चूक माझी होती."

वहिनी दारातच थांबली होती. तिच्या अगदी हाताशी चोवीस नंबरचा बेड होता. त्यावर मांडीचं हाड मोडलेल्या एक आजी होत्या, बारा दिवसांपासून त्याच बेडवर. त्यांना कुशीवर वळता येत नव्हतं, आणि व्हरांड्याचं दार त्यांच्या डोक्याच्या मागे होतं. त्यांनी छताकडे बघतच वहिनीला खूण केली. वहिनी वाकली.

"हळू बोला म्हणावं त्यांना," आजी कुजबुजल्या. "आत्ता कुठे आडवी झालीय ती. रोज चार वाजले की उठून बसते, सहापर्यंत खिडकीतून खाली बघते. खाट नुसती कुरकुरत असते."

वहिनीने व्हरांड्याकडे पाहिलं. सिस्टर कागदाची घडी करत होत्या. त्यांच्यासमोर फरशी होती, दुसरं काही नव्हतं.

त्या रात्री वहिनीला ताप भरला. दोन दिवस ती घरीच होती, आणि आम्हाला यातलं काही म्हणजे काही बोलली नाही. बाबांनी एकदाच विचारलं, कोण हवं होतं ते कळलं का. ती हो म्हणाली, आणि बाबांनी पुढे विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी ती कामावर गेली, चार ते सहा पडद्यासमोर बसली. एकही ओळ आली नाही. वर जाऊन आजींना काही विचारावं असं तिच्या फार मनात होतं, पण आजींना सकाळीच मुलगा घरी घेऊन गेला होता.

पुढच्या आठवड्यात केबल जोडली आणि ते काम सगळ्यांसाठी खुलं झालं. चांगलं चाललं. फोन निम्म्यावर आले. मोठ्या डॉक्टरांनी ताबा घेताना यादी बघून विचारलं, तिसऱ्या वॉर्डात पंचवीस कसे. वहिनीच्या आधी सिस्टरच म्हणाल्या, ती एक असू दे, अडीअडचणीला लागते. डॉक्टरांना ते पटलं.

सिस्टर त्याच महिन्यात निवृत्त झाल्या. निरोप समारंभात हार घेतला, दोन शब्द बोलल्या आणि दुसऱ्या दिवशी चारला परत इस्पितळात हजर. मोठ्या दाराच्या आत त्यांनी एक खुर्ची मांडून घेतली. ज्यांच्याकडे फोन नाही, ज्यांना वाचता येत नाही, अशांना खबर सांगायला. पगार नाही, काही नाही. कुणी नंबर सांगितला की त्या कागद बघत नाहीत. जिना चढून वर जातात, रोग्याला डोळ्यांनी बघून येतात आणि मग सांगतात. या वयात दिवसाला पंधरा-वीस खेपा होतात.

मध्यंतरी फ्रेमवर्कची नवी आवृत्ती बसवायला वहिनीला तिथे जावं लागलं. काम आटोपून ती साडेपाचला निघाली. भेटीला त्या दिवशी फार कुणी आलं नव्हतं, दारापाशी सिस्टर एकट्याच खुर्चीवर बसल्या होत्या. वहिनी त्यांना हाक मारणार, इतक्यात त्यांनी समोर मान वर करून पाहिलं, दोनदा होकार दिला आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"हो, बघून येते हं. तुम्ही बसा इथे," असं म्हणत त्यांनी आपली खुर्ची पुढे सरकवली आणि कठड्याला धरून जिना चढू लागल्या.

वहिनी म्हणते, खुर्चीच्या पलीकडे उघडं दार होतं आणि बाहेर रस्ता. ती तिथून भिंतीला धरून, जरा वळसा घालून बाहेर पडली.